मागच्या डाव्या दाराची चीर

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या जुन्या गाडीच्या दारांची आतली चारही पॅनेलं काढून तुझ्याकडे पाठवतोय. बाबांना आता दिसत नाही. रोज संध्याकाळी शेडमधल्या गाडीत मागे बसून दाराला हात लावून असतात. रेक्झिन तडकलंय, कडा बोटांना टोचतात. इथला कुशनवाला म्हणतो, फाडून नवं लावू. जुनं वाचवणारा तुझ्यासारखा दुसरा नाही, हे तुझा शत्रूही कबूल करेल.

फक्त मागच्या डाव्या दाराची लांब चीर तशीच ठेव. बाबांचं बोट सारखं तिथेच जातं.

लोभ आहेच, तो उरू दे.
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शत्रूचा पत्ता कळव, सत्कार करतो. पॅनेलं रवाना केली. साबणपाण्याने मळ काढला, तर खालून आपल्या लहानपणीचा रंग निघाला. मागचे पुठ्ठे ओलीने फुगले होते, ते बदलले. रेक्झिन गरम हवेने मऊ करून पुन्हा ताणून बसवलं.

चीर मात्र भरली. मागून कापड चिकटवलं, वरून भर घातली, शेजारच्या रेक्झिनचा दाणेदार पोत साच्यात उतरवून तिच्यावर उठवला. आता मलाच सापडत नाही.

ती पडली तुझ्या कंपासपेटीतल्या करकटकाने. नाव माझं आलं, आणि चौदाव्या वर्षी बाबांनी मला भरल्या ताटावरून उठवून घराबाहेर काढलं. तू खाली मान घालून जेवत राहिलास. असो, त्यामुळेच माझा हा दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला. पण माझ्या गुन्ह्यावर रोज बोट ठेवायचं सुख त्यांना कशाला? आता बसू देत चाचपत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पॅनेलं बसवली. बाबा पाच दिवस ते दार चाचपत होते. सहाव्या दिवशी हात मांडीवर घेऊन बसले.

एक लिहायचं राहिलं. त्या चिरेवर बोट टेकलं की म्हणायचे, थोरल्याला बोलाव, मला त्याची माफी मागायची आहे. दोन वर्षं, रोज. मी हो हो म्हणायचो. तू आला असतास तर करकटक निघालं असतं, आणि मला या घरात राहायचंय. ठेव म्हटलं की तू भरणार, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आता थोरल्याचा विषय निघत नाही.

काल विचारत होते, एवढं सुबक काम कुणाचं. बाहेरच्या एका कारागिराचं, म्हटलं. मग म्हणाले, त्याला उपाशी नाही ना पाठवलंस. पोटभर जेवून गेला, असं सांगितलं.

तुझी माया अशीच राहो.
धाकटा