कांथ्याची उलटी बाजू

आसनसोल, बुधवार

मा, तुझ्या पायांना हात लावून सांगते, मी आणि बाळ अगदी मजेत आहोत.

तुझ्या जुन्या साड्यांचा कांथा पोचला. बाळ त्या मऊ गोधडीवर गाढ झोपतं. त्यावर दोऱ्यानं भरलेले मासे बघून सासूबाई म्हणाल्या, "आईचा हात अजून पक्का आहे हो तुझ्या!"

मी कांथा उलटा केला. मागे गाठीच गाठी! सुईचं भोक दिसत नाही, म्हणून एकदाच लांबलचक दोरा ओवतेस आणि तो गुंततो, हो ना? वर लिहितेस, डोळे ठणठणीत! बाबांचा खोकला तरी खरा सांग.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले आहे. दुर्गापूजा झाली की तुला न्यायला येते. तोवर सुई शेजारच्या बुलूकडून ओवून घे.

लहानपणी माझ्या दोऱ्याला गाठ पडली की पाठीत धपाटा घालायचीस. आता पाठ तुझी आणि हात माझा.

तुझीच,
मिनती