म्हशीला विश्रांती, सुनेला नवस

सौ. विहीणबाई क्रांतीताई यांस गारगोटीहून बनाबाईचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, जयसिंगपुरात तुम्हीही तशाच असाल. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आमचे मालक गणपतराव घरातला फोन स्पीकरवरच ठेवून बोलतात, आणि माझी विचारपूस संपायच्या आत गल्लीच उत्तर देऊन मोकळी होते. आजचा विषय गल्लीत नेण्यासारखा नाही. (तो गेलाच आहे, पण निदान आपल्याकडून नको.)

तर तुमच्या लेकीची तक्रार आहे. संयोगितानं आमच्या घराण्याची अब्रू वेशीला टांगली. धाकटी अजून रांगते आहे आणि बाईसाहेब घरात कुणाला न विचारता आशाताईकडे तांबी बसवायची चौकशी करून आल्या. (मला विचारलं होतं. मी म्हटलं, जा.) दुसऱ्याच दिवशी आशाताई पिशवी घेऊन दारात. तिची पिशवी कुणाच्या दारात किती वेळ टेकली, यावर आमच्या गल्लीचा दिवस जातो. शेजारच्या चिमणाबाई लगोलग सांगत आल्या, की तांबी चढत चढत काळजात जाते, त्यांच्या नात्यातली एक बाई तशीच गेली. (मी खोदून विचारलं. ती विंचू चावून गेली.)

मग मालकांनी सगळ्यांना सोप्यात बसवून निकाल दिला. दोन्ही मुलीच आहेत, वंशाला दिवा हवा, येत्या पौर्णिमेला जोडीनं नृसिंहवाडीला जाऊन नवस बोलायचा. (यंदा म्हशीला रेडी झाली तेव्हा याच सोप्यात पेढे वाटले. सुनेला दुसरी मुलगी झाली तेव्हा साखरसुद्धा नाही.) आमच्या राजवीरनं बापापुढे मान हलवली. (हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही, आणि मी त्याची आई आहे.)

इथवर ठीक होतं. पण परवा डेअरीचे जनावरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, म्हैस माजावर आली आहे, भरवायची का? मालक म्हणाले, "न्हाय न्हाय! गेल्या येतालाच लई खंगलीया. हाडं दिसत्यात की तिची. जरा अंगात रगत भरू दे, मग बघू." डॉक्टर म्हणाले, जनावराची एवढी कळकळ असलेला माणूस तालुक्यात दुसरा नाही. (खरंच नाही. पेंडसुद्धा स्वतःच्या हातानं भिजवून घालतात.) तिथंच तुमची लेक दुधाची बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मामंजी, माझंबी रगत कमी हाय. मलाबी जरा दम खाऊ द्या की."

परक्या माणसासमोर! मालक लालेलाल झाले. "म्हशीची गोष्ट येगळी हाय! म्हशीला रोख पैसं मोजल्यात!" असं त्यांनी ठणकावलं. (डॉक्टर खाली मान घालून बॅग आवरू लागले. म्हैस तेवढी मालकांकडे बघत होती.)

तेव्हा आई म्हणून तुम्ही तिला चार शब्द सुनवावेत आणि पुन्हा तांबीचं नाव काढणार नाही, असं तिच्याकडून वदवून घ्यावं, ही विनंती.

आपली विहीण,
बनाबाई

ता. क. वरचं पत्र मालकांनी समोर बसून लिहून घेतलं. त्यांचा चष्मा म्हशीनं तुडवला आहे, म्हणून मीच वाचून दाखवलं. कंसातलं गाळून वाचलं. खूश होऊन डेअरीला गेलेत. आल्यावर पाकीट स्वतःच पोस्टात टाकणार आहेत.

ता. क. २. पौर्णिमेच्या आत तुम्ही आजारी पडा. फोन करा आणि मोठ्यानं कण्हा. ताप सांगू नका, हे गोळ्या पाठवून देतील. गुडघा सांगा, गुडघ्याला कुणी पुरावा मागत नाही. सेवेला म्हणून संयोगिताला मीच घेऊन येते. तिकडच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहे का, तेवढं बघून ठेवा. पुरुष डॉक्टर दिसला की ही दारातून परत फिरते. राजवीरला सगळं सांगितलंय. त्याला पटलं, पण म्हणाला, "आबास्नी कोण सांगणार?" मी म्हटलं, "कोण न्हाय."

ता. क. ३. नातू मलाही हवा आहे, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण धाकटीच्या वेळी हिचं रक्त थांबेना, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी उभी होते, मालक नव्हते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, तीन वर्षं तरी थांबा, नाहीतर पोरगी हाती लागणार नाही. नातवाचं पुढचं पुढं. मला ही पोरगी हवी आहे, विहीणबाई. पत्र मिळताच गुडघा धरा.