फौजदाराच्या प्रकृतीविषयी दाजींना

आमच्या घरचे थोरले जावई, पाटोद्याचे राधाकिशन दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे हनुमानाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मुक्ताक्कालाही माझा नमस्कार सांगावा. तुमची कंबर कशी आहे? दुकानात खताची पोती उचलायला माणूस ठेवलात, की अजून गिऱ्हाइकासमोर पैज लावून तुम्हीच उचलता? अक्काच्या गुडघ्यांना थंडीचा त्रास होत असेल, तिनं सकाळी ऊन पडल्याशिवाय अंगणात उतरू नये. इकडे पांडुरंगाच्या कृपेनं ज्वारी पोटऱ्यात आली आहे, हरभऱ्याला घाटे लागले आहेत, घरात मी, वनमाला आणि पोरगी वैष्णवी अशी माणसं तीन आहेत आणि तक्रारी त्याहून बऱ्याच जास्त, म्हणजे सगळं व्यवस्थित आहे.

फोन सोडून पत्र कावून, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे की फोनवर तुम्ही आधी "बोल बे हनुमंता" म्हणता, मग पुढचं सगळं तुम्हीच बोलता, आणि शेवटी "बरं, ठेव आता" म्हणून ठेवूनही देता. भाऊबीजेपासून एकच विषय काढावा म्हणून मी कितीदा तरी फोन केला आणि प्रत्येक वेळी सोयाबीनचा भाव ऐकून खाली ठेवला. पत्राला मध्येच "बरं, ठेव आता" म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

विषय फौजदाराचा. फौजदार म्हणजे आमचा कोंबडा, भाऊबीजेला तुम्ही ज्याची मांडी चाचपून पाहिलीत तोच. त्याची प्रकृती अलीकडे बरी नसते, एवढं तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसलो. दुसरा काही हेतू नाही.

पण प्रकृतीचं सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल. आषाढी झाली आणि माझ्या मोटारसायकलची चेन तुटली. युसूफ वडगावला दस्तगीरच्या गॅरेजवर गेलो, बरोबर वैष्णवी होती. (दस्तगीर तुमच्या चांगल्या ओळखीचा. रानपूजेची येळवस अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या रानात तीन दगडांवर तुमच्यासाठी रश्शाचं पातेलं चढवतो तो. मी तेवढा वेळ वारा बघून चिंचेच्या पलीकडे जाऊन बसतो, हेही तुम्हाला माहीत आहे.) चेन बसेपर्यंत पोरगी त्याच्या घरात शहजादीभाभीकडे गेली. येताना तिच्या हातात भाजीची पिशवी होती आणि चेहरा इतका सोज्वळ होता की मला तिथंच संशय यायला हवा होता. संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावून डोळे मिटून बसलो, तर नामस्मरणात मधेच कुणीतरी बारीक आवाजात 'च्यूं' केलं. दाजी, खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं इतक्या वर्षांच्या जपाचं फळ मिळालं. डोळे उघडले तर फळ पिशवीतून मान काढून नैवेद्याच्या साखरेकडं बघत होतं.

वनमालेनं घर डोक्यावर घेतलं. "माळकऱ्याच्या घरात कोंबडं! लोक म्हणतील माळ काढली, आता रस्साच राहिला!" आणि लोक म्हणालेच. मी कोंबड्याचं खाद्य आणायला गेलो तर दुकानदारानं पुडी बांधता बांधता डोळा मारला आणि हळूच विचारलं, "मालक, कधी काढली?" मी सदऱ्याचं बटण उघडून गळ्यातली माळ दाखवली, तर म्हणाला, "आसू द्या, आसू द्या. आमी कुनाला सांगत न्हाई." आता आपण काही केलेलंच नाही हे माणसानं किती लोकांना बटण उघडून दाखवायचं? त्यावर मी बराच विचार केला. शेवटी असं ठरवलं की ज्याला समजायचं त्याला समजेल आणि ज्याला रस्सा दिसायचा त्याला टाळातही दिसेल.

नाव वनमालेनंच ठेवलं. छाती काढून, लाल तुरा एका अंगाला पाडून तो सकाळी स्वयंपाकघरात यायचा, एकेका भांड्यात डोकावायचा आणि काही न बोलता निघून जायचा. ती म्हणाली, "आले बघा फौजदार, तपासाला." तेव्हापासून तो फौजदार.

कोजागिरीनंतर देवळात काकडा सुरू झाला. जगात कोंबडा माणसाला उठवतो, आमच्याकडे मी कोंबड्याला उठवत होतो. मी पहाटे अंघोळीचं पाणी तापवलं की हा डोळे चोळल्यासारखं करून टोपलीतून बाहेर यायचा आणि माझ्या मागं मागं देवळात. पायरीच्या वर कधी चढला नाही, एवढी त्याला समज आहे. पण आरतीच्या मध्ये आपला सूर लावायचा. म्हाळूबुवा मृदंग वाजवतात. एकदा त्यांनी मृदंग खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हनुमंता, तुज्या कोंबड्याला ताल न्हाई, पन भाव हाय. तुजं उलटं हाय." लोक हसले. मीही हसलो, पण घरी येताना वाटभर ते वाक्य मनात घोळत होतं. फौजदार पुढं चालला होता. त्याला बहुतेक ते पटलेलं होतं.

मग दिवाळी आली आणि तुम्ही दोघं भाऊबीजेला आलात. आता पुढचं नीट वाचावं. अक्का मला ओवाळत होती. मी पाटावर बसलेलो, कपाळावर तांदळाचे दाणे चिकटलेले आणि तोंडात तिनं बेसनाचा अख्खा लाडू कोंबलेला. त्याच वेळी अंगणात तुम्ही फौजदाराची मांडी दाबून ओरडलात, "साळेबुवा, यंदा बाजारचं नगं. येळवशीच्या दुसऱ्या दिशी हेच! काय बे?" आणि अक्का दुसरा लाडू पुढं करत म्हणाली, "आजून एक घेतूस?" मी मान हलवली, दाजी. ती अक्कासाठी हलवली होती, आणि तीही 'नको' म्हणून. पण लाडू तोंडात असताना 'नको'ची मान आणि 'हो'ची मान सारखीच दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही खूष होऊन मांडी सोडलीत. दारात वैष्णवी उभी होती. तिनं तुमचं बोलणं ऐकलं आणि माझी मान पाहिली.

त्या वेळी मी लाडू गिळून खुलासा करायला हवा होता. पण तुम्हाला ठाऊक आहे, वडील गेल्यावर माझ्या लग्नात मांडवात बापाच्या जागी तुम्ही उभे होतात. तुम्हाला 'नाही' म्हणायचं म्हटलं की माझा लाडू आजही गिळत नाही.

पोरगी रडली नाही, हेच वाईट झालं. रडली असती तर समजूत काढता आली असती. तिनं फौजदाराची टोपली माझ्या खाटेजवळून उचलली आणि स्वतःच्या उशाशी नेली. मी अंगणात गेलो की ती त्याला कडेवर घेते आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहते. मी विचारलं, "अगं, माज्यावर इस्वास न्हाई का?" तर म्हणाली, "तुमच्यावर हाय. तुमच्या मानंवर न्हाई." दहा वर्षांची पोर. (हे बोलणं ती तुमच्या घराण्याकडून शिकली नाही हे मान्य. आमच्याकडूनही नाही. वनमालेच्या माहेरचं असावं.)

तुळशीच्या लग्नाला फौजदारानं काय केलं ते सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगतो की वऱ्हाडानं टाकलेल्या अक्षता त्यानं एकट्यानं संपवल्या, मग वृंदावनावर चढून नवऱ्या मुलाच्या जागी बसला, आणि भटजीबुवांना पुढची मंगलाष्टकं त्याच्याकडं बघून म्हणावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्याच्या गळ्यात तुळशीची माळ. बारीक मण्यांची, दोऱ्यात नीट ओवलेली. वैष्णवी म्हणाली, "आता त्यो माळकरी हाय. माळकऱ्याला कुनी कापतं का?" माळ घालायची तर गुरूच्या हातून घालावी लागते, नेम पाळावे लागतात, असं मी समजावत होतो, तोवर फौजदारानं भिंतीवरची पाल धरली आणि आमच्या दोघांच्या देखत गिळली. मी म्हणालो, "बघ." वनमाला चुलीपासून म्हणाली, "मंग काय झालं? माळ घालून असलं करनारा गावात ह्यो पयलाच हाय का?" यावरही मी पुष्कळ विचार केला आणि माळ तशीच राहू दिली.

आता प्रकृती. थंडी वाढली तसा फौजदार शिंकायला लागला. पोरीनं माझा मफलर त्याला गुंडाळला. (मी कानाला उपरणं बांधून रानात जातो.) वनमालेनं त्याच्या चोचीला बाम लावला, तो डोळ्यात गेला, आणि तो दिवसभर घरातून उलटा चालत होता. अंगावर उवा झाल्या. डावा पाय दस्तगीरच्या पोरांच्या सायकलखाली येऊन थोडा आखडला. उजव्या पायात मात्र, शेजारच्या कुत्र्याला पळवून पळवून, अशी गाठ आली आहे की ती मांडी शिजवायला चुलीत एक ट्रॉली पळाट्या जाळाव्या लागतील. खाणं विचाराल तर पाली, झुरळं, मुंगळे, एकदा वैष्णवीचं खोडरबर, आणि एकदा तंबाखूची चिमूट (सटवा गड्यानं मळून तळहातावर धरली होती, ह्यानं वरच्यावर उचलली). माझ्या गळ्यात माळ आहे, दाजी, यातलं एक अक्षर खोटं नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. त्यांनी भल्या माणसासारखं तपासलं, पाण्यातून द्यायचं औषध दिलं. मी मोठ्या आशेनं विचारलं, "साहेब, आता ह्याचं मटन खाण्यात धोका असंल ना?" वैष्णवी शेजारी कान टवकारून उभी. ते हसून म्हणाले, "काळजी करू नका मालक, औषध बंद केलं की आठ-दहा दिवसांत खुशाल खा." परत येताना गाडीवर पोरगी माझ्या मागं न बसता टाकीवर पुढं बसली, फौजदाराला पोटाशी धरून, आणि घर येईपर्यंत एकदाही मागं वळली नाही. तुम्ही हिशेब करालच, म्हणून मीच सांगतो. औषध बंद झालं. येळवशीपर्यंत तेवढे दिवस भरतात.

येळवशीची तयारी आमच्याकडं सुरू झाली आहे. पाटोद्याकडं हा सण नाही म्हणूनच तुम्ही तो इतक्या हौसेनं करता, असं अक्का म्हणते. आंबिलीचं मडकं आणून धुऊन ठेवलं आहे, रानात पूजेला कडब्याची खोपटासारखी कोप उभी आहे, भज्जीच्या मिसळ भाजीला ओला हरभरा, वाल, तूर आपल्याच रानातली निघेल. शाळेला नाताळाची सुट्टी लागतेच आहे, तेव्हा वैष्णवी दिवसभर घरी असेल. तुम्ही आदल्या दिवशीच यावं. अक्काला घेऊन यावं. कंबरेला पट्टा बांधून गाडी चालवावी. वनमाला तुम्हा दोघांना वाकून नमस्कार सांगते. कमीजास्त लिहिलं असेल तर धाकट्याचं म्हणून पोटात घालावं.

तुमचा,
हनुमान

ता. क. — मुख्य गोष्ट राहिलीच. तुम्ही आल्या आल्या, वैष्णवी ऐकेल अशा आवाजात, एकच वाक्य म्हणावं : "मला डाक्टरनं कोंबडं बंद सांगितलंय." हे खोटं आहे, मला माहीत आहे. मीच म्हणालो असतो, पण माळ घातल्यामुळं मला खोटं बोलता येत नाही. तुम्हाला तशी काही अडचण नाही. दस्तगीरशी बोलून ठेवलं आहे. तो त्याच मसाल्यात, त्याच तीन दगडांवर वांगी करील. डोळे मिटून खाल्लीत तर फरक कळायचा नाही. उघडे ठेवून खाल्लीत तर मी चिंचेपलीकडून उठून तुमच्या शेजारी जेवायला बसेन, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आणखी एक. वनमाला म्हणते, "माज्यासाठी कुनी कोंबडं वाचवू नगा, मला काय त्येचं कौतिक न्हाई. पोरीसाठी वाचवा." तिनं सांगितलं तसं लिहिलं. हे सांगताना फौजदार तिच्या मांडीवर होता आणि ती त्याला पाखडलेली ज्वारी तळहातावरून चारत होती, हे तिनं लिहायला सांगितलेलं नाही.

आता खरंच शेवटचं. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात वैष्णवीनं ते हातातून घेतलं आणि ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. बामापाशी हसली. डॉक्टरांचं वाक्य दोनदा वाचलं. सगळं संपल्यावर म्हणाली, "एवढं लिवलं, पन मारू नगा असं कुटंच न्हाई की." मी म्हणालो, अगं, ते आडून आलंय. ती म्हणाली, "पाटोद्याच्या मामाला आडून कळत न्हाई. सरळ लिवा."

तर ते डाक्टरचं वाक्य राहू द्या, सरळ लिहितो. दाजी, फौजदाराला मारू नका.

ती म्हणते, वरची सही त्याच्या शिंकांखाली आहे, ह्या वाक्याखाली वेगळी करा. म्हणून ही दुसरी. शाई वाळेपर्यंत ती जागची हलली नाही.

हनुमान