ओल्या जीन्स

शनिवार, १२ एप्रिल. लीड्स

“लग्नानंतर जा नवऱ्याबरोबर समुद्रावर,” असं बाबा म्हणाले होते. कॉलेजच्या मैत्रिणी माझ्याशिवाय गणपतीपुळ्याला गेल्या.

आज लेकीचा, ईराचा, फोटो आला. ईस्टरच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणींबरोबर ती व्हिटबीला गेली आहे. चौघींच्या जीन्स गुडघ्यापर्यंत ओल्या. तिने विचारलं नव्हतं, “आई, आम्ही चाललोय बीचवर” एवढंच सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता, की हेवा वाटायला? काहीच वाटलं नाही. भांडी घासली, पुन्हा त्या ओल्या जीन्स पाहिल्या.

लग्नाला बावीस वर्षं झाली. समुद्र दोन तासांवर. सुहासचं उत्तर ठरलेलं, “अगं, ऑन-कॉल आहे ना मी!” उद्या नाहीये. म्हणजे दुसरं काहीतरी निघेल.

तरी जेवताना विचारणार आहे, “सुहास, उद्या मला समुद्रावर नेशील?”