चौथ्या सडाचं दूध

रविवार, अठरा तारीख
दुपार, निळ्या देवळाची पायरी

दादास धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल. आबांच्या पाया पडतो म्हणून सांग, पण हे पत्र आधी तू एकटा वाच.

आणि दूध सोडलं म्हणून मला बुवा म्हणणं आता पुरे कर. तीनदा झालं. "दुधावर वाढलास आणि आता दुधाला नाक मुरडतोस," हे तू फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडलास, की माझ्या खोलीतला सुतार झोपेतून उठून म्हणाला, "काय रे, कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही, आमच्या घरी खुशालीसुद्धा अशीच विचारतात.

फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करतो. आपलं हे पहिल्यापासूनचं आहे. शिवाय फोन आला की आबा तुझ्या शेजारी येऊन बसतात. म्हणून कागद घेतला. पाचवीनंतर एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

हे शहर आहे खरं, पण एवढुसं. एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला लोक रुमाल काढतात. मी परांचीवर लोंबकळून भिंतींना लांबी भरतो आणि वर रंग मारतो. मुकादमाला एकच रंग माहीत, मळखाऊ पिवळट. चार मजली इमारत, पुढून मागून तोच. दिवसभर तो मारला की डोळे आंबतात. मग मी परांचीवर पाठ फिरवून बसतो. सकाळी खाली सगळं धुकं असतं, रस्ते नाहीत, माणसं नाहीत, आणि धुक्यातून फक्त देवळांची छपरं वर आलेली असतात. एक मोरचुदासारखं निळं. एक पिकल्या मिरचीसारखं लाल. एक असं, की दुकानातले सगळे डबे त्याच्यावर सांडलेत. बघता बघता ती छपरं हलायला लागतात, तळ्यात सोडलेल्या होड्यांसारखी. मुकादम खालून ओरडतो, "ए दूधवाल्या, वर झोपलास का?" इथे मला सगळे दूधवालाच म्हणतात. बापाचा धंदा एकदा सांगितला तेव्हापासून.

ही बुद्धाची देवळं, पाच आहेत. पहिल्या रविवारी मी नुसता रंगकाम बघायला गेलो. खांबांवर ढग, ढगांत मासे, छताच्या पोटात कमळं. एकेका पाकळीत चार चार रंग आणि कुठं ब्रशचा केस चिकटलेला दिसेल तर शपथ. मधोमध बुद्ध, सोनेरी, डोळे अर्धे मिटलेले. आबा दुपारी जेवून खाटेवर बसायचे ना, झोप नाही आणि जागही नाही, तसे. मी समोर बसलो. पायाला भिंगरी म्हणून ज्याला तू शिव्या घालायचास, तो मी, दिवे लागेपर्यंत एका जागी होतो. तुला खोटं वाटेल. मलाही वाटलं.

तेव्हापासून दर रविवारी एक देऊळ. पाच संपली की परत पहिल्यापासून. लाल देवळात घंटा आहे, ती वाजवली की आवाज बराच वेळ अंगातच राहतो. सांडलेल्या रंगांच्या देवळात भिंतभर चित्र आहे, त्यात एक गाय वासराला चाटते आहे. वासराचा रंग लोकांचे हात लागून लागून उडाला आहे. तिथला रंगारी भिक्षू आहे, म्हातारा. मला म्हणाला, "तू रंगातला माणूस दिसतोस. एवढं वासरू भरून दे की." मी म्हटलं, पुढच्या वेळी. पाच वेळा पुढच्या वेळी म्हटलं.

निळ्या देवळाच्या मागं खानावळ आहे. ती चालवणाऱ्या म्हातारीला सगळे मावशी म्हणतात. तिथं मांस नाही, अंडं नाही, हे एक वेळ ठीक. पण दूध नाही, दही नाही, लोणी नाही, मधसुद्धा नाही. मी विचारलं, मध का नाही? तर म्हणे, "माशीला विचारलंस का?" भात, भोपळा, अळंबी, भाजलेले शेंगदाणे, वर वाटलेले तीळ. चवीला काही कमी नाही, तुझी शपथ. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, चहा तरी दुधाचा दे. मी दूधवाल्याचा पोरगा आहे."

ती म्हणाली, "मग तुला तर माहीतच असेल, ते कुणाचं असतं."

ती साधंच बोलली होती. लगेच दुसऱ्याच्या ताटात भातही वाढायला गेली. मी खाली मान घालून जेवलो आणि त्या दिवसापासून दूध घशाखाली उतरत नाही. हे कारण. बुवाबिवा काही नाही.

गेल्या रविवारी तिनं ताटात मासा वाढला. मासा म्हणजे पिठाचा. सुरीनं खवले कोरलेले, डोळ्याच्या जागी मिऱ्याचा दाणा. मला हसू आलं. म्हटलं, "मावशी, सगळं सोडलंय ना? मग हे सोंग कशाला?"

ती तवा खरवडत म्हणाली, "सगळ्यांना एकदम सोडवत नाही रे. समोर आहे असं वाटलं की जीव शांत राहतो."

दादा, माझा हात ताटातच राहिला. मला आपल्या गोठ्यातलं रेडकू दिसलं. खरं नव्हे, नंतरचं. आपल्या चांदी म्हशीचं रेडकू गेल्यावर ती पान्हा सोडेना, म्हणून तू त्याच्या कातड्यात पेंढा भरलास, चार काठ्यांवर उभं केलंस, आणि धारेच्या वेळी ते तिच्या तोंडापुढं धरायचं काम मला दिलंस. ती त्याला चाटायची. कपाळापासून शेपटीपर्यंत, खरखर, खरखर. आणि दूध द्यायची. अकरा दिवस मी ते धरलं. बाराव्या दिवशी पहाटे गाडीत बसलो.

मासा तसाच ठेवून मी देवळाच्या ओसरीवर जाऊन आडवा झालो. डोळा लागला. तर चांदी निळ्या पायऱ्या चढून वर येते आहे, खुरांचा आवाज नाही. तिच्या पाठीवर खांबांवरचे ढग उतरलेत. तिच्या मागं ते पेंढ्याचं रेडकू चालतंय आणि दर पायरीला त्यातून एकेक काडी गळते आहे. पार वर पोचलं तेव्हा नुसतं कातडं उरलं होतं. बुद्धाच्या जागी आबा बसलेले, पुढ्यात चरवी, एक हात खिशात. चांदीनं माझा हात हुंगला, चाटला, आणि पुढं गेली. तिला पाहिजे होतं ते माझ्याकडे नव्हतं. जागा झालो तर भिक्षू झाडू मारत माझ्या पायांपर्यंत आला होता. मला उठवायला नको म्हणून तेवढी जागा सोडून पुढं गेला.

आता लिहितो. चार कागद फाडले आहेत, हा पाचवा.

मला जायचं होतं हे तुला माहीत होतं. भाडं मागितलं तर तू दिलं नाहीस, तेही ठीक. पण मी शेवटी गेलो तर भाड्याचे पैसे कुठून आणले, हे तू कधी विचारलंच नाहीस.

आबा धार काढायचे तेव्हा तीन सड पिळायचे आणि चौथा रेडकासाठी सोडायचे. धार झाली की ते हात धुवायला जायचे आणि मी रेडकाला सोडायचो, हे माझं काम. अकरा आठवडे, रोज संध्याकाळी, मी आधी तो चौथा सड बाटलीत काढला आणि मग रेडकाला सोडलं. बाटली गोठ्यामागून नाक्यावरच्या चहावाल्याकडे. बाटलीला पन्नास. ते कोरड्या सडाला ढुसण्या द्यायचं, आणि मी म्हणायचो, प्यायलं रे प्यायलं. सकाळच्या एका वेळेवर ते तगलं तेवढं तगलं आणि थंडीत गेलं.

आबांना दिसत होतं ते वाळत चाललंय. तू त्यांना म्हणालास, "आबा, तुम्ही चारही पिळताय. तुमच्या ध्यानात राहत नाही. काल चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधलात."

"अरे, तीनच काढतो मी," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खडे धरले. एक सड झाला की एक खडा खिशात. रेडकू गेलं त्या रात्री त्यांनी खडे तळहातावर काढले आणि दिव्याशी धरले. "तीनच आहेत रे," म्हणाले. तू म्हणालास, "चौथा टाकायला विसरला असाल."

मी तिथंच होतो. दाव्याची गाठ सोडत होतो. ती सुटलेलीच होती, तरी सोडत राहिलो.

त्यानंतर आबा गोठ्यात गेले नाहीत, हे तूच सांगतोस. गेल्या खेपेला फोनवर मला म्हणाले, "कोण, थोरला का धाकटा?" मी हसलो, मला वाटलं चेष्टा करतात. तर म्हणाले, "माझा काही भरवसा नाही बाबा आता." आणि तू म्हणतोस, चांदी पुढच्या महिन्यात विणार, पण रेडकाकडे बघायला कोणी नाही, आबाच म्हणतात विकून टाक, माझ्या हातून आणखी एक मरेल. महिनाअखेरीला व्यापारी येणार.

दादा, तिला विकू नकोस. मला काय बोलायचं ते बोल, ये आणि मार, पण तिला विकू नकोस. आबांना गोठ्यात बसव.

मी काल ते वासरू रंगवलं. भिक्षूनं पिवळट रंग काढून दिला, मुकादमाचाच जणू. मी म्हटलं, हा नको, मला काळा द्या. तो म्हणाला, गाईचं वासरू आहे, काळं कसं? मी म्हटलं, असतं. त्यानं दिला. कान राहिले आहेत, ते आज करतो.

इथून खालचं आबांना मोठ्यानं वाचून दाखव. उजव्या बाजूला बसून, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

आबा, तुम्ही काहीही विसरला नव्हता. एक दिवससुद्धा नाही. तुम्ही रोज तीनच सड काढले, चौथा रोज सोडला. तो मी चोरला. तुमच्या खिशात खडे तीन होते, ते बरोबर तीनच होते. चांदीचं नवं रेडकू तुम्हीच सांभाळा, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका, आणि मी आलो तर माझ्या तर नाहीच. मी यावं की येऊ नये तेही तुम्हीच सांगा. दादाला सांगायला लावू नका, तुमच्या तोंडून सांगा. फोन आला की मी ह्या वेळी हं हं करणार नाही.

दादा, पैसे वेगळे पाठवतोय. घरखर्चात घालू नकोस, आबांच्या हातात दे, नव्या रेडकाच्या नावानं. त्या बाटल्यांचे आहेत, सगळे.

तुझा, आणि त्यांना चालत असेल तर त्यांचाही,
धाकटा

तीन हजार आठशे पन्नास.