पिठाच्या डब्याखाली

अण्णा, परवा स्वयंपाकघरातली पिठाच्या डब्याखालची जमीन मी फोडून घेतली. तुम्ही असतात तरी विचारलं नसतं. कलकत्त्यातलं बेहालाचं आपलं घर पाडून नवं बांधायला प्रमोटरला दिलं आहे. सोमवारी पाया खणायला घेतील आणि नकाशात बरोबर त्या डब्याच्या जागी एक खांब येतो. आई जायच्या आधी चार दिवस मला म्हणाली होती, घर विकलंस तर आधी डब्याखाली बघ. काय बघू ते सांगितलं नाही. अर्धं बोलून उरलेलं गिळायची आपल्या घरची पद्धतच होती. मीही इतकी वर्षं डबा हलवला नाही, पीठ तेवढं काढत राहिले.

मिस्त्रीने सिमेंट फोडलं, हातभर खणलं आणि थांबला. मातीत दोन हांड्या आडव्या ठेवलेल्या, तोंडाला तोंड लावून, सांध्यावर चिखल लिंपलेला. इथल्या सगळ्या मिस्त्र्यांची मी मावशी; त्याने हात पुसले आणि म्हणाला, "माशिमा, हे मी काढणार नाही. माझ्या घरी लहान मूल आहे." मी म्हटलं, मग चहा तरी पी. चहाही न घेता गेला. त्याची थापी इथेच पडली आहे, न्यायलासुद्धा आलेला नाही.

मला मात्र त्यात काय आहे ते सांगावं लागलं नाही. मला आठवतं, मी आठ वर्षांची आहे, तुम्ही एस्प्लनेडजवळच्या सरकारी कचेरीत जुन्या मडक्यांची मापं घेऊन त्यांची चित्रं काढता, आणि थंडीत उत्खननावर जाऊन आलात की जेवताना गोष्टी सांगता. घोड्यावरच्या राजपुत्राच्या नव्हे. पुण्यापलीकडच्या कुठल्याशा नदीकाठी, जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडात, तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक आपली मेलेली माणसं राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत, त्याच्या. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडत, म्हणजे ती उठून कुठे जाणार नाहीत. लहान मुलांना दोन मडक्यांत घालत, सोबत तोटीचं भांडं, मणी, घरात असेल ते चांगलं. मी विचारलं, मुलांचे पाय का नाही तोडत? तुम्ही भात कालवत म्हणालात, "त्यांना कुठे चालता येतं?" आणि मग, मेलेल्याला दिलेलं काढून घेऊ नये, तो मागायला येतो. तुम्ही सरकारसाठी ते पोत्यांनी काढून आणत होतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर बोलले असते, आणि थप्पड खाल्ली असती.

त्याच वर्षी आईला बाळ झालं आणि नवव्या दिवशी गेलं. बारसंसुद्धा झालं नव्हतं. मला दिवसभर शेजारी ठेवलं होतं. संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही आंघोळ करून बसला होतात आणि मी समजले की त्याला कुठेतरी नेऊन ठेवून आलात. चित्रं काढायला म्हणून कुंभाराकडून आणलेल्या दोन मोठ्या हांड्या दिसेनाशा झाल्या. चुलीशेजारी ओलं सिमेंट होतं. त्यावर पिठाचा डबा आला, तो कायमचा. फडताळापर्यंत हात पोचावा म्हणून मी एकदा त्यावर चढले, तर आईने लाटण्याने मारलं. दर अवसेला ती डब्यापाशी वाटीभर दहीभात ठेवायची. मोठी झाल्यावर मी कॉन्व्हेंटच्या तोऱ्यात तिला इंग्रजीत सुनावलं की ही अंधश्रद्धा आहे. ती एवढंच म्हणाली, "तुझं इंग्रजी तिथपर्यंत पोचत नाही."

परवा मिस्त्री गेल्यावर मीच खाली बसले, गुडघे बोंबलत असताना, आणि सांधा उकलला. बाळाचं जे उरलं होतं ते लिहीत नाही. ओंजळही भरली नसती. शेजारी बोटभर तोटीचं भांडं होतं, तुमच्या चित्रांतल्यासारखं, तुम्हीच करवून घेतलेलं. आईचे दोन काळे मणी होते. आणि माझं मेडल होतं. पाठांतराचं, शाळेत पहिली आल्याचं, निळी रिबीन कुजून गेलेलं. वार्षिक समारंभाला ते लावून या म्हणून सिस्टरनी सांगितलं होतं. सापडेना म्हणून मला सगळ्या शाळेसमोर मागच्या रांगेत उभं केलं. घरी रडत आले तर तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "वस्तू सांभाळता येत नाहीत, तर मिळवता कशाला?" हे वाक्य मी जन्मभर सांभाळलं, अण्णा. बँकेत तीस वर्षं माझ्या हातून एक टाचणी हरवली नाही. आणि तुम्हाला माहीत होतं ते कुठे आहे. मला विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं, आणि तेही तुम्हाला माहीत होतं.

आता मी न्यू टाउनला अकराव्या मजल्यावर जाणार. तिथे काही पुरायला जमीनच नाही. प्रमोटरचा माणूस म्हणतो, माशिमा, ठाकूरघरातले देव काय असतील ते आजच हलवा. मी हांड्या पुन्हा जुळवल्या. चिखल हाताशी नव्हता म्हणून त्याच डब्यातलं पीठ भिजवलं आणि कणकेने सांधा लिंपला. आईच्या साडीत गुंडाळून त्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवल्या आहेत. उद्या सकाळी गंगेत सोडीन.

हे पत्र त्यातच घालायचं, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचेल, असं मनात होतं. पण सांधा लिंपताना ते बाहेरच ठेवलं. मेडल मी परत घातलेलं नाही. ते माझं होतं, आणि पत्रात तसं लिहिलं आहे, ते त्याने वाचायला नको. नऊ दिवसांच्या पोराला वाचता येत नाही, चालताही येत नाही, हे मला कळतं. तरी दुपारपासून स्वयंपाकघराचं दार बाहेरून कडी लावून मी बसले आहे. साठ वर्षांत ते चालायला शिकलं असेल का, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं.