जयवंत डावीकडे, राजाराम उजवीकडे

घाटकोपर,
बुधवार, २ जुलै १९८६

प्रिय धाकू,

रामराम. तुझं कार्ड पोचलं. तू, वहिनी, म्हैस, सगळी बरी असात मां? मी हॉस्पिटलात खाटेवर बसून लिहितोय. काळजी करू नको, ताट चाटूनपुसून साफ करतो आणि तंबाखू सोडून सगळं मिळतं.

मोरीत पाय घसरला ते तुला कळलंच. खुब्याशी हाड मोडलं, आत खिळा घातलाय. जन्मभर मिलमध्ये लोखंड हाताळलं, आता ते माझ्यातच राहायला आलंय. तू विचारलंस, पाय टेकतोस का? सांगतो रे, आधी इथल्या गजाली ऐक.

इथे नंदा नावाची डॉक्टरीण आहे, तुझ्या शकुएवढी. ती आम्हा म्हाताऱ्यांवर संशोधन करते. हसू नको मेल्या. तिचं म्हणणं, म्हातारा मोडक्या हाडाने खचत नाही, पडून राहण्याने खचतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, डोकं भ्रमतं, आणि घरी जायचं राहूनच जातं. म्हणून वॉर्डातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना घरच्या माणसांनी रोज धरून चालवायचं, बाकीच्यांचं नेहमीप्रमाणे चालू द्यायचं, आणि कोण लवकर उठतो ते बघायचं. मी घरच्यांच्या बाजूचा. समोरच्या खाटेवरचा भीमराज नेहमीच्या बाजूचा. हा साताऱ्याकडचा, राहतो देवनारला. त्याचंही हाड मोडलंय, पण जिभेला मुळातच नाही. दिवसभर आमची जुंपलेली असते.

तर चालवायला दोघं लागतात. नंदाने विचारलं, मुलगे किती? मी म्हटलं, दोन. झालं, तिने दोघांनाही रोज चार वाजता बोलावलं. तिला बिचारीला काय माहीत.

तुला माहीत आहे. गावच्या घरात आमचा एकच गणपती, आणि धाकट्या राजारामने बोरिवलीच्या ब्लॉकमध्ये वेगळा बसवला. जयवंत म्हणाला, बाप जिवंत असताना देव वेगळा करतोस? तो म्हणाला, बायकोला हौस आहे, देवाला चालतं तर तुला का नाही? तेव्हापासून तीन वर्षं सगळं बंद. भांडणसुद्धा नाही. एकाच्या घरी दुसऱ्याचं नाव घ्यायची मला चोरी. यांची आई रुक्मिणी गेली ती सुटली, असं कधीकधी मनात यायचं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या दिवशी दोघं आले, दोन्ही बगलांत हात घातले, आणि मधे मी. जयवंत म्हणतो, "बाबा, त्याला सांगा जरा वर धरायला." राजाराम म्हणतो, "बाबा, त्यांना सांगा घाई नको." मी दोन पायांवर उभा राहू की टपाल पोचवू? पण असं किती दिवस चालणार. एकाने उचललं आणि दुसऱ्याने सोडलं तर बाप जमिनीवर. चौथ्या दिवशी "उचल" आणि "हळू" सुरू झालं. मग एकदा जयवंतने विचारलं, "पोरीला दात आले का रे?" मी खाली मान घालून पावलं बघत राहिलो. डोळ्यांतलं पाणी दिसायला नको होतं.

आता पायाचं सांगतो. पाय टेकतो, धाकू. टेकतो म्हणजे काय, चालतो. दुपारी सगळे पेंगतात तेव्हा मी खाटेचं दांडकं धरून निघायचो, मग दांडकंही सोडायला लागलो. भीमराजने पाहिलं, त्याला गप्प बसवायला माझं केळं रोज द्यावं लागलं. आणि चार वाजता मुलगे आले की मी पुन्हा ढेपाळायचो, "आई गं" म्हणून दोघांच्या अंगावर भार टाकायचो. मला भीती एकच, मी चाललो की घरी पाठवणार, आणि घरी गेलो की हे दोघं पुन्हा मुके. मग मेला पाय अधू राहिला तर देवाक काळजी.

पण परवा नंदा येऊन बसली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "आजोबा, भीमराजबाबा काठीवर चालायला लागले, तुम्ही मात्र तिथेच. खिळा सरकला असेल तर परत उघडावं लागेल. आणि नसेल, तर घरच्या माणसांचा काही उपयोग नाही, माझंच चुकलं." पुन्हा चिरतील ही भीती होतीच, पण तेवढीच नाही. माझ्या सोंगापायी हिने तसं लिहिलं, तर उद्या कुठल्या म्हाताऱ्याच्या पोरांना डॉक्टर बोलावतील? मी तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी भडकली, मग कितीतरी वेळ हसत होती. शेवटी म्हणाली, "मुलांना तुम्हीच सांगायचं."

काल चारला दोघं आले, बगलांत हात घातले. मी म्हटलं, "सोडा." सोडेनात. म्हटलं, "सोडा रे." आणि चालत भीमराजच्या खाटेपर्यंत गेलो. वळून बघतो तर दोघं तोंड उघडं टाकून उभे. का, कशासाठी, सगळं बोललो. काही राखलं नाही.

जयवंत तापला. "बाबा, हा बोरिवलीहून रोज अर्धी रजा टाकून येतो. काही वाटतं का तुम्हाला?" राजाराम त्याच्यावर चढला, "आणि दादाची कंबर गेलीय तुम्हाला उचलून." धाकू, दादा म्हणाला. तीन वर्षांनी. मला बोलायचं होतं, पण मला कोण विचारतो? दोघं मिळून मला झाडत होते. मग जयवंत त्याला म्हणाला, "चल, चहा पिऊ. यांच्या तोंडाला कोण लागणार." आणि गेले दोघं. मला वॉर्डाच्या मध्यात उभा ठेवून गेले.

भीमराज म्हणाला, "गुणाजीराव, आता परत कोण नेणार?" मी म्हटलं, माझा मी जातो. पण गेलो खिडकीशी. खाली चहावाल्याजवळ दोघं हातवारे करत होते. यंदा गणपती कुठे, बोरिवलीचा आधी की गावचा, कोणी किती दिवस राहायचं, आवाज वरपर्यंत येत होता. भांडत होते रे. पोट भरून भांडत होते. नंदा शेजारी येऊन उभी राहिली, तिला म्हटलं, बाय, हे पण लिही.

शनिवारी मला घरी सोडणार. गणपतीला गावी येऊ, त्याआधी तू आमचं तिथलं घर उघडून झाडून घे, दोन्ही खोल्या. किती माणसं येतील ते मला विचारू नको, ते अजून मिटायचंय.

तुझा,
दोन मुलग्यांचा बाप,
गुणाजी